फुलपात्रातलं औषध

२२ नोव्हेंबर २००४

आज संस्थेने दोनशे कोरे फॉर्म, एक क्लिपबोर्ड, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि ही वही दिली. वही म्हणे फील्डमधल्या नोंदींसाठी. नोंदी फॉर्मच्या मागेही लिहिता येतात. ही वही माझी.

काम सोपं आहे. पुण्यात कोण किती दारू पितं आणि कोणाला कुठला कॅन्सर होतो, याचा अभ्यास चाललाय. तीन गट आहेत. हडपसरचे कारखान्यातले कामगार, म्हणजे बरेचसे आमच्याच विदर्भातून आलेले. मग आयटीवाले. आणि पेठांतली जुनी घरं. घरोघर जाऊन बेचाळीस प्रश्न विचारायचे. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेल्या माणसाला याहून बरं काय मिळणार? कॉलेजच्या सरांनी माझं जर्नल फेकलं, मी ते परत त्यांच्याकडे फेकलं. नेम त्यांच्यापेक्षा माझा चांगला निघाला, एवढीच चूक.

ट्रेनिंगला एक डॉक्टर आले होते. म्हणाले, देशी असो, बिअर असो, महागातली वाइन असो, शरीर बाटलीवरचं लेबल वाचत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, बायकांमध्ये स्तनाचासुद्धा. जपान-चीनकडे काही जणांचा चेहरा एका घोटात लाल होतो, आणि तेच लोक पीत राहिले तर अन्ननलिकेचा धोका त्यांना फार जास्त. "म्हणून माणूस बदलला की आकडा बदलतो. आपल्याकडचा आकडा आपणच काढायचा."

लाल होण्याचं म्हणाल तर मी न पिताच झालो. आमची सुपरवायझर उत्कर्षा. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, अमरावतीची. सरावासाठी तिने प्रत्येकाला स्वतःचा फॉर्म भरायला लावला. प्रश्न सतरा, दारू पिता का? मी लिहिलं, 'कधीकधी. महिन्यातून एकदा. एक बिअर.' तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काऊन रे, एवढं बारीक अक्षर?"

काऊन! पुण्यात तीन वर्षांत मला कोणी काऊन म्हटलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

पहिलं घर, सदाशिव पेठ. बेल दाबली. एक बाई आल्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दारू? इथे?"

"सर्वांनाच विचारतो, काकू."

"तुमच्याकडे विचारत असतील. आणि मी तुमची काकू नाही." दार लागलं. मग पुन्हा उघडलं. "आणि ती चप्पल रांगोळीवर आहे."

खाली येऊन कट्ट्यावर बसलो. डोकं असं तापलं होतं की परत वर जाऊन दार वाजवावं. त्याऐवजी फॉर्म काढला. नाव दारावरच्या पाटीवरून, वय अंदाजाने. प्रश्न सतरा, 'नाही'समोर टिक. सतरा 'नाही' असला की अठरा ते सव्वीस गाळायचे असतात. सहा मिनिटांत फॉर्म पूर्ण. आणि खोटं कुठे आहे त्यात? त्या घरात कोण पिणार आहे?

पुढच्या चार घरांतही तसंच केलं. घरी येऊन आमच्या दीनानाथ सरांचाही भरून टाकला. हे लोक मूळचे नारायण पेठेतले, म्हणजे गटात बसतात. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. कर्वेनगरात त्यांच्या मागच्या खोलीत मी राहतो, जेवण त्यांच्याच टेबलावर. सरांना दारूचं विचारायचं म्हणजे देवघराला विचारण्यासारखं.

अपमान धुवायला एक बिअर. एकच.

२९ नोव्हेंबर

आज जेवताना गंमत. सरांनी भाकरी दुधात कुस्करली. भाकरी म्हणजे कडकच हवी, अशी ज्यांची ख्याती, ते सर! मी म्हटलं, "सर, दात?"

"दात शाबूत आहेत. सहनशक्ती संपली आहे." मग बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे वळून, "सुनीती, हल्ली तू भाकरी थापतेस की फरशी?"

काकूंनी निमूट वाटीत आणखी दूध ओतलं. एरवी सोडत नाहीत.

जेवणाआधी साडेसातला सरांचं औषध असतं. कसलासा काढा. काकू कपाटातून बाटली काढतात, स्टीलच्या फुलपात्रात ओततात, वर गरम पाणी. सर आतल्या खोलीत घेतात. दम्यावर आहे म्हणे. वास खोकल्याच्या औषधासारखा.

उत्कर्षा आज हिरवा पंजाबी ड्रेस घालून आली होती.

५ डिसेंबर

काल शनिवार. दर शनिवारी दुपारी उत्कर्षाला परदेशातून फोन येतो. ती गच्चीच्या जिन्यात जाऊन बोलते. ऑफिसातला शिपाई म्हणाला, आमोद नावाचा कोणीतरी, बोस्टनला असतो. भाऊ असणार. भावाशी इतकं प्रेमाने बोलणारी मुलगी आतून किती चांगली असेल. खाली आली तेव्हा डोळे ओले होते. मी चहा दिला. "थँक्स रे," म्हणाली. रे!

संध्याकाळी ही बातमी साईला सांगायला गेलो. साई माझा कॉलेजातला दोस्त, त्याने डिग्री घेतली आणि आता कोडिंग करतो. "थँक्स रे म्हणजे काही नाही, येड्या," म्हणाला. दोन बिअर झाल्या. पण रविवार होता.

१३ डिसेंबर

हडपसरला आयटी पार्क. काचेची इमारत, गळ्यात पट्टे सगळ्यांच्याच, त्यामुळे आज मीही शोभलो. सलोनी नावाची टीम लीडर, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी.

"दारू पिता का?"

"नो नो, आय डोन्ट ड्रिंक. फक्त सोशली."

"सोशली म्हणजे आठवड्यातून किती वेळा?"

"वीकेंडला. आणि रिलीज झाला की. आणि क्लायंट आला की." बोटं मोजता मोजता ती थांबली. "एक मिनिट. हे सगळं धरायचं का?"

"धरायचं."

"पण दारूने कॅन्सर बायकांना कुठे होतो?"

मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं, स्तनाचाही धोका वाढतो म्हणून. तिने बोटं पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग म्हणाली, "ओके. लिहा. पाच." मला एकदम मोठा माणूस असल्यासारखं वाटलं.

सरांचा आवाज बसलाय. काकूंनी ज्येष्ठमध दिलं. आता दूध-भाकरीही नाही, वरण-भात, तोही पातळ. "म्हातारपणी माणूस बाळ होतो," म्हणाले, "फक्त कौतुक होत नाही."

साईकडे एक बिअर. आयटी पार्क बघून आल्यावर लागतेच.

२१ डिसेंबर

हडपसरला रंगनाथ भेटला. वर्ध्याकडचा, फोर्जिंगच्या कारखान्यात. पत्र्याच्या खोलीबाहेर बाज टाकून बसवलं, पाणी दिलं.

"दारू पिता का?"

"पितो ना जी. रोज एक क्वार्टर. पगाराच्या दिवशी दोन."

"कधीपासून?"

"आमचा जिल्हा दारूबंदीचा. प्याले मी तेथंच शिकलो." हसला. मग अठरा ते सव्वीस, एकेक प्रश्न. त्याने एकही टाळला नाही. कुठली, किती, पाणी घालून की नुसती, बायको काय म्हणते. सगळं संपल्यावर मला विचारलं, "मोठ्या घरीबी असंच इचारता काय जी? बसवून, बेचाळीस?"

"हो," म्हटलं.

"मंग ठीक आहे."

बसमध्ये चीड आली. कोणावर ते कळेना. अशा दिवशी दोन तरी लागतात.

१ जानेवारी २००५

काल ३१. किती झाल्या मोजल्या नाहीत, ३१ कोणी धरत नाही.

उत्कर्षाला शुभेच्छांचा एसेमेस केला, सोबत दोन ओळींची कविता. उत्तर आलं, 'सेम टु यू. सोमवारी पेठांचे फॉर्म आण.' माझी वाट बघतेय, असं मी म्हणणार नाही. पण फॉर्म कोणीही मागवू शकलं असतं.

सर दही-भात जेवतात, तोही मिक्सरमधून काढून. ताट अर्धं ठेवतात. पँटचा पट्टा नव्या भोकात. काकू म्हणाल्या, "डॉक्टरकडे चला." सर म्हणाले, "कशाला? साधी ॲसिडिटी आहे. तिच्यावर त्यालाही घर चालवायचंय, हे मला माहीत आहे." औषध मात्र चुकत नाही. उलट काल काकू दुसऱ्यांदा बाटली काढताना दिसल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. काकूंनी तिळाची वडी दिली. "तिळगूळ घ्या, गोड बोला," असं त्या सरांना म्हणाल्या, तेव्हा सर म्हणाले, "पहिलं जमेल." तेही जमलं नाही. वडी तोंडात घातली, खूप वेळ चघळली, मग उठून मोरीकडे गेले. परत आले ते डोळे पुसत. काकू गॅसकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

उत्कर्षाला तिळगूळ द्यायला ऑफिसात गेलो. तिने माझ्या हातून घेतला आणि अर्धा मला परत दिला. अर्धा! साईला सांगितलं तर म्हणाला, "डाएटवर असेल." सणासुदीची घ्यायची नसते, म्हणून एकच.

१८ जानेवारी

आज संपलं सगळं.

दर दहावा फॉर्म उत्कर्षा स्वतः जाऊन तपासते. हे ट्रेनिंगला सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा तिच्याकडे बघत होतो, ऐकत नव्हतो. ती सदाशिव पेठेत त्या पहिल्या घरी गेली. चप्पलवाल्या बाईंच्या यजमानांनी दार उघडलं आणि म्हणाले, "मी? रोज दोन पेग. कोणी विचारायलाच आलं नाही."

तिने फॉर्म माझ्यासमोर ठेवला. "हे काय आहे?"

मी आवाज चढवला. म्हटलं, त्या लोकांच्या दारात उभं राहून बघ. म्हटलं, एका फॉर्मने कोणाचं काय बिघडतं. म्हटलं, तू पण मला असंच समजतेस. आणि क्लिपबोर्ड फेकला. भिंतीवर आपटून टाइपरायटरच्या मागे पडला.

ती जागची हलली नाही. "फेकून झालं? उचल."

उचलला.

"असे किती?"

"सदतीस. पेठांतले सगळेच."

"हे सदतीस जण आपल्या हिशेबात न पिणारे आहेत. उद्या त्यांच्यातल्या कोणाला कॅन्सर निघाला, तर आपण जगाला सांगणार, की पेठांमध्ये न पिणाऱ्यांनाही होतो. कळतंय का?" मग जरा हळू, "रंगनाथला बेचाळीस विचारले ना? मग यांना काऊन नाही?"

काऊन. आज गोड लागलं नाही.

उद्यापासून सदतीसही घरं पुन्हा. नाहीतर ओळखपत्र परत. दोन बिअर झाल्या. साई म्हणाला, "चूक तुझीच आहे." म्हणून भांडलो त्याच्याशीही.

१९ जानेवारी

सुरुवात घरापासून केली. सकाळी क्लिपबोर्ड घेऊन सरांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तुमचा फॉर्म मी न विचारता भरला, आणि आणखी छत्तीस.

सरांनी पेपर बाजूला ठेवला. "म्हणजे मी कॉपी केलेल्या पेपरात पास झालो. बसा. प्रश्न वाचा, उत्तरं सुचवू नका."

नाव, वय, शिक्षण. सोळापर्यंत ठीक. मग सतरा. "दारू पिता का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"तुमचा फॉर्म कुठे आहे?" सर म्हणाले. "परीक्षकाने आधी पेपर सोडवलेला असावा. काय लिहिलंय सतराला?"

"महिन्यातून एकदा. एक बिअर."

"रोज वहीत काहीतरी खरडत असता. त्यातून मोजा."

मी मोजायला बसलो. प्रत्येक नोंदीच्या शेवटी लिहिलेल्या ओळी मलाच नव्या वाटल्या. दोन महिन्यांत सात दिवस. नऊ बाटल्या, आणि ३१ डिसेंबर.

"हे लिहिलेल्या दिवसांचं. न लिहिलेल्या दिवसांचं?"

"बहुतेक पुन्हा तेवढंच, सर."

"खोडा. नीट लिहा." मी खोडलं, लिहिलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "आता माझं. १९८१ साली दमा बळावला. एका डॉक्टर मित्राने सांगितलं, रात्री दोन चमचे ब्रँडी गरम पाण्यातून घे. चमच्याचं फुलपात्र कधी झालं, ते पाहिलं नाही. तेवीस वर्षं."

ब्रँडी हा शब्द या घरात मी पहिल्यांदा ऐकला. वास रोज येत होता. माझं नाक काही एवढं वाईट नाही. पण सरांच्या घरातला वास आणि साईच्या खोलीतला वास एक असू शकतो, हे मी नाकाला कळू दिलं नाही.

"चोवीस," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "मीच ओतते. आणि आता फुलपात्र दोनदा."

"लिहा. ती हिशेबात माझ्यापेक्षा पक्की आहे."

अठरा ते सव्वीस झाले. मग प्रश्न एकतीस. "घन पदार्थ गिळताना अडकल्यासारखं वाटतं का?"

"पुढचा."

"सर, टाळायचं नसतं. रंगनाथनेही टाळलं नाही."

"हा रंगनाथ कोण?"

"फोर्जिंगमध्ये आहे. रोज एक क्वार्टर. सगळं सांगितलं त्याने."

सरांनी पेपर उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "वाटतं. पंधरा दिवस झाले असतील."

'१५ दिवस' लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. वही अजून मांडीवर उघडीच होती. पान उलटलं. २९ नोव्हेंबर, भाकरी दुधात कुस्करली. १३ डिसेंबर, पातळ वरण-भात, आवाज बसला. १ जानेवारी, मिक्सर, पट्ट्याचं भोक. १४ जानेवारी, वडी. सगळं माझ्याच अक्षरात. आणि मी त्याखाली काय लिहिलंय, तर हिरवा ड्रेस.

काकू दारात आल्या होत्या. पंधरा दिवस खरे नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मी उठून ऑफिसात फोन केला. उत्कर्षाने एवढंच विचारलं, "गिळायला त्रास किती दिवस?" म्हटलं, "सात आठवडे तरी." ती म्हणाली, "मी डॉक्टरांशी बोलते. घरातून हलू नकोस."

२२ जानेवारी

ट्रेनिंगचे तेच डॉक्टर. सर, काकू, मी, आणि अपॉइंटमेंट तिने मिळवली म्हणून उत्कर्षाही.

"कधीपासून त्रास?"

"पंधरा दिवस," सर म्हणाले.

"दसऱ्यापासून," काकू म्हणाल्या. "मला वाटतं. की दिवाळी?"

मी वही पुढे केली. डॉक्टरांना माझं अक्षर लागेना. "तुम्हीच वाचा मोठ्याने, तारखा मी लिहून घेतो." मी वाचायला लागलो. भाकरी, फरशी, फुलपात्र. आणि घाईत पुढची ओळही वाचून बसलो, 'उत्कर्षा आज हिरवा पंजाबी ड्रेस घालून आली होती.'

सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "प्रेमप्रकरण वगळा. भाकरीपुरतं वाचा."

काकू हसल्या. कित्येक आठवड्यांनी हसल्या असतील, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. तारखा एकाखाली एक मांडून बघत होते. "घन, मग मऊ, मग पातळ," म्हणाले. "सोमवारी दुर्बीण घालू. थांबायचं नाही."

२८ जानेवारी

रिपोर्ट आला. अन्ननलिका, मधल्या भागात. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं असं म्हणणार नाही, पण बाहेर पसरलेलं दिसत नाही. ऑपरेशनच्या आधी केमोची औषधं आणि रेडिएशनचा शेक. सरांनी विचारलं, "शक्यता किती?" डॉक्टरांनी खरा आकडा सांगितला. सर म्हणाले, "पन्नासच्या खाली असला तरी शून्याच्या वर आहे. चला."

सर-काकू आत फॉर्म भरत होते. बाहेर बाकावर उत्कर्षा आणि मी.

"आमोद माझा भाऊ नाही," ती म्हणाली.

"शिपाई म्हणाला..."

"शिपाई भाऊ म्हणाला?"

नव्हता म्हणाला. ते माझंच.

"मार्चमध्ये लग्न आहे. तुला आधी सांगायला हवं होतं. मला कळत होतं थोडं."

डोक्यात नेहमीसारखी वाफ चढली. पण हातात फेकण्यासारखं होतं ते फक्त सरांचा रिपोर्ट. तो मी नीट घडी करून पाकिटात घातला. एवढं करेपर्यंत ती वाफही उतरली.

"छत्तीसपैकी किती झाली घरं?" तिने विचारलं.

"एकोणीस. नऊ जण पितात. चौघांकडे औषध म्हणून आहे."

"आता प्रश्न कसा विचारतोस?"

"आधी माझा आकडा सांगतो. मग ते सांगतात."

ती जरा हसली. "हे ट्रेनिंगमध्ये घालायला हवं."

९ फेब्रुवारी

छत्तीस पूर्ण. चप्पलवाल्या बाईंनी या वेळी आत बसवलं. चहा नाही दिला. पुण्यात इतकं पुरे.

साडेसातला काकू सवयीने कपाटाशी गेल्या, थांबल्या, आणि फुलपात्रात नुसतं कोमट पाणी ओतून आणलं. ब्रँडी एकदम बंद केली की हात थरथरतील, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. सरांनी पाणी घेतलं. आतल्या खोलीत नाही, टेबलावर, आमच्यासमोर.

मग मला म्हणाले, "डॉक्टरांना रोजचं खाणं लिहून हवंय. सुनीतीला मी फसवीन. तुम्ही लिहा, तुम्हाला वाईट सवय आहेच. सुशोभीकरण नको. आणि शेजारी तुमचाही रकाना आखा."

१० फेब्रुवारी
सर: पहिला शेक. पेज अर्धी वाटी, दूध दोन घोट. औषध शून्य.
मी: शून्य.

११ फेब्रुवारी
सर: पेज एक वाटी. दुपारी उलटी. औषध शून्य.
मी: शून्य. साईने बोलावलं होतं. भांडण मिटवलं, बाटली उघडली नाही.

१२ फेब्रुवारी
सर: काही नाही. सलाइन.
मी: एक. खोडत नाही.

१३ फेब्रुवारी
सर: चार चमचे पेज. विचारलं, "काल एक का?" म्हटलं, शनिवार होता, तिचा फोन येतो. सर म्हणाले, "कारण लिहायचं नसतं. फक्त आकडा."
मी: शून्य.

२६ फेब्रुवारी
सर: मऊ भात तीन घास, तूप घालून. गिळताना डोळे मिटले होते. अडकला नाही. मग काकूंना म्हणाले, "मीठ कमी आहे."
काकूंनी लगेच भांडण काढलं.
मी: शून्य.